बिटकॉइन ट्रान्झॅक्शन पाठवलं, पण वाटेतच अडकलं किंवा नाहीसं झालं: कारण कसं शोधायचं

बडोद्यात आम्ही चार-पाच जण घरी बिटकॉइनचा नोड, म्हणजे ट्रान्झॅक्शन तपासून पुढे देणारा संगणक, चालवतो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात एका लॅपटॉपवर माझा, दोन गल्ल्या सोडून आत्येभावाचा, मांजलपूरला काकांचा. गेल्या वर्षभरात या सगळ्यांकडून मला एकच तक्रार फिरून फिरून ऐकू आली, आणि एकदा ती माझीही होती: "वॉलेट म्हणतं पाठवलं, पण समोरच्याला काहीच दिसत नाही." कधी दिसतं आणि चार दिवसांनी नाहीसं होतं. कारण दर वेळी वेगळं निघालं, पण मुळाशी गोष्ट एकच होती. ती समजली की कारण शोधायला अर्धा तास पुरतो, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

आधी जीव भांड्यात पडू दे. ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या कायमच्या वहीच्या पानावर, न गेलेलं ट्रान्झॅक्शन म्हणजे सही केलेली चिठ्ठी, एवढंच. नाणी अजून तुमच्याच ताब्यात आहेत. मात्र घाईत एक चूक हमखास होते. "पुन्हा पाठवून बघतो" म्हणत माणूस दुसऱ्या नाण्यांतून (आधी मिळालेली प्रत्येक रक्कम हे वॉलेटमधलं एक वेगळं नाणं) नवं ट्रान्झॅक्शन करतो. पहिलं दोन दिवसांनी कुठून तरी वर आलं की दोन्ही पोहोचतात, आणि जास्तीचे पैसे परत मागायला इथे कुठलीही कचेरी नाही. नवं करायचंच असेल तर पहिल्यात वापरलेल्या नाण्यांपैकी निदान एक त्यात पुन्हा वापरा. एकच नाणं दोनदा खर्च होत नाही, त्यामुळे दोघांपैकी एकच ब्लॉकमध्ये जाऊ शकतं.

नेणाऱ्याला काय मिळतं?

बडोद्याच्या मराठी घरांत पुण्याला किंवा इंदूरला काही पाठवायचं तर दोन वाटा असायच्या. किमती वस्तू असेल तर आंगडिया: तो पैसे घेतो आणि जबाबदारीही घेतो. आत्याला लीला चिवडा पाठवायचा असेल तर कोण जातंय ते विचारायचं आणि पुडा त्याच्या हातात द्यायचा. जाणाऱ्याला त्याचे पैसे कोणी देत नाही. पुडा लहान असेल, गळत नसेल, पलीकडे घ्यायला माणूस येणार असेल तर तो आनंदाने नेतो. वीस किलोचं पोतं पुढे केलं तर "या वेळी जमणार नाही हो" म्हणतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बिटकॉइनचं जाळं आंगडियासारखं चालतं अशी बहुतेकांची समजूत असते. फी भरली म्हणजे नेणाऱ्याला पैसे मिळाले, असं वाटतं. तसं नाही. तुम्ही भरलेली फी पूर्णच्या पूर्ण त्या मायनरला, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्याला, जाते, ज्याच्या ब्लॉकमध्ये तुमचं ट्रान्झॅक्शन बसतं. मधे ज्या हजारो नोडनी ते तपासलं आणि पुढे दिलं त्यांच्या हातात एक सॅटसुद्धा (बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) पडत नाही. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यातही मोबदल्याचा भाग फक्त ब्लॉक तयार करणाऱ्यांसाठी आहे. वाहतुकीबद्दल तिथे एवढंच म्हटलं आहे की ट्रान्झॅक्शन प्रत्येक नोडपर्यंत पोहोचलंच पाहिजे असं नाही. पुष्कळ नोडपर्यंत पोहोचलं की ते ब्लॉकमध्ये जाईल.

हा प्रश्न अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही. २०१२ साली मोशे बाबायॉफ, शहार डोबझिन्स्की, सिगल ओरेन आणि अवीव झोहार यांनी त्यावर नीट बोट ठेवलं. ज्याच्या हातात चांगल्या फीचं ट्रान्झॅक्शन आहे आणि जो स्वतः मायनरही आहे, त्याने ते दुसऱ्याला का सांगावं? सांगितलं की स्पर्धक वाढले. तुलनेसाठी त्यांनी डिसेंबर २००९ मधली लाल फुग्यांची शोधस्पर्धा घेतली. अमेरिकेत दहा ठिकाणी फुगे लावले होते, आणि एमआयटीच्या चमूने ते सगळे नऊ तासांच्या आत शोधले. फुगा सापडवणाऱ्याला दोन हजार डॉलर, त्याला साखळीत आणणाऱ्याला एक हजार, त्याच्या आधीच्याला पाचशे, अशी त्यांची वाटणी होती. बातमी पुढे देण्यालाच मोल आलं.

मग बिटकॉइनमध्ये प्रत्येक टप्प्याला वाटा का देत नाहीत? कारण जाळ्यावर ओळखपत्र नसतं. एकच माणूस चार नोड असल्याचं भासवू शकतो: "मी माझ्या भावाला दिलं, त्याने मेहुण्याला, मेहुण्याने साडूला", आणि चारही जणांचा वाटा स्वतःच घेऊ शकतो. खोट्या ओळखी घेऊन फायदा होणार नाही अशी वाटणी त्या चौघा अभ्यासकांनी मांडली होती, पण बिटकॉइनने ती कधी उचलली नाही. माझं मत सांगतो: ते बरंच झालं. पैसे आले की नेणाऱ्यांची नोंद आली आणि नोंद आली की कोणी कोणाकडून काय घेतलं हे उघडं पडलं. लाइटनिंगमध्ये, म्हणजे बिटकॉइनवर उभ्या असलेल्या जलद देण्यांच्या जाळ्यात, मधल्या नोडला फी मिळते, पण तिथे वाट पाठवणारा स्वतः ठरवतो आणि नोडांमध्ये आधीपासून चॅनल बांधलेले असतात. तो मामला वेगळा आहे.

तरीही नोड ट्रान्झॅक्शन पुढे देतात, आणि त्यामागे निव्वळ परोपकार नाही. २०१६ पासून ब्लॉक संक्षिप्त रूपात फिरतात: प्रत्येक ट्रान्झॅक्शनऐवजी सहा बाइटची खूण येते. ज्याच्या मेमपूलमध्ये (ब्लॉकची वाट बघणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या साठ्यात) ती ट्रान्झॅक्शन आधीच असतात त्याला ब्लॉक क्षणात जुळवता येतो, नसतील त्याला मागत बसावं लागतं. फीचा अंदाजही मेमपूल भरलेला असेल तरच नीट बांधता येतो. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कारण असं: तुमचा नोड दुसऱ्यांची हजारो ट्रान्झॅक्शन पुढे देत असतो म्हणून त्यांतलं तुमचं कुठलं ते शेजारी, म्हणजे तुमच्याशी थेट जोडलेल्या, नोडला सांगता येत नाही. ज्याच्याकडून फक्त स्वतःचंच ट्रान्झॅक्शन निघतं तो गर्दीतून बाहेर येऊन एकटा उभा राहतो.

एवढ्या फायद्यासाठी नोड थोडा त्रास सोसतो, अमर्याद नाही. त्याची बँडविड्थ, त्याची मेमरी आणि त्याचा वेळ फुकट उधळला जाऊ नये म्हणून त्याने काही अटी घातलेल्या असतात. तुमचं ट्रान्झॅक्शन अडलं याचा अर्थ कुणाची तरी अट मोडली. ती कोणाची आणि कोणती, एवढंच शोधायचं आहे.

पहिली तपासणी: घरातून बाहेर पडलं का?

खालच्या आज्ञा बिटकॉइन कोरच्या, म्हणजे नोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कन्सोलमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि सलग टाइप करायच्या आहेत. पाठवून दोन मिनिटंही झाली नसतील तर थांबा. आपलं ट्रान्झॅक्शन कुठून निघालं ते कळू नये म्हणून नोड मुद्दाम काही सेकंदांचा अनियमित उशीर लावतो.

गेटमेमपूलएंट्री आणि पुढे ट्रान्झॅक्शनचा आयडी द्या. उत्तर आलं तर ते निदान तुमच्या मेमपूलमध्ये आहे. वॉलेटच्या यादीत दिसतं पण मेमपूलमध्ये नाही असं उत्तर आलं, तर आत्येभावाचं झालं तसं तुमचं झालं असण्याची दाट शक्यता आहे. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नोड चालवत होता आणि डेटा वाचावा म्हणून त्याने ब्लॉक्सओन्ली चालू केलं होतं. त्या सेटिंगने नोड दुसऱ्यांची ट्रान्झॅक्शन घेणं थांबवतो हे त्याला माहीत होतं. पण त्याचबरोबर वॉलेटचं प्रसारणही आपोआप बंद होतं, म्हणजे स्वतःचं ट्रान्झॅक्शन मेमपूलमध्येसुद्धा टाकलं जात नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. सही झाली, नोंद झाली, आणि चिठ्ठी खिशातच राहिली. तीन दिवस तो समोरच्या माणसाची समजूत घालत होता.

उपाय सोपा आहे: सेटिंग काढून नोड पुन्हा सुरू करा. वॉलेट स्वतःहून पुन्हा पाठवतं, पण ते बारा ते छत्तीस तासांच्या अंतराने, त्यामुळे घाई असेल तर गेटट्रान्झॅक्शनमधून हेक्स (सही केलेल्या ट्रान्झॅक्शनचा कच्चा मजकूर) काढून सेंडरॉट्रान्झॅक्शनने द्या. ब्लॉक्सओन्ली चालू असतानाही सेंडरॉट्रान्झॅक्शनने पाठवता येतं, फक्त तेव्हा वर सांगितलेला गर्दीचा आडोसा नसतो.

मेमपूलमध्ये आहे पण बाहेर कुठेच नाही, असं असेल तर गेटमेमपूलइन्फोमधला अनब्रॉडकास्टकाउंट बघा. तुमच्या नोडवरून टाकलेल्या ज्या ट्रान्झॅक्शनची अजून एकाही शेजाऱ्याने मागणी केलेली नाही, त्यांचा हा आकडा. नोड दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा हाक देतो. अर्ध्या तासानंतरही आकडा शून्यावर आला नाही, तर एक तर जोडण्या नाहीत किंवा शेजाऱ्यांना तुमचं ट्रान्झॅक्शन नको आहे.

जोडण्या गेटनेटवर्कइन्फोमध्ये कळतात. बाहेर जाणाऱ्या साधारण दहा असायला हव्यात. त्यांतल्या दोन फक्त ब्लॉकसाठी असतात, म्हणजे ट्रान्झॅक्शनसाठी आठ. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी आमच्यातल्या दोघांचे रविवार गेले. आपल्याकडच्या घरगुती इंटरनेटवर बऱ्याचदा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे ८३३३ पोर्ट उघडून बाहेरून येणाऱ्या जोडण्या मिळत नाहीत. मिळाल्या नाहीत तरी हरकत नाही. ट्रान्झॅक्शन बाहेर जायला स्वतः केलेल्या आठ जोडण्या पुरेशा आहेत. राउटरशी झगडू नका.

दुसरी: शेजाऱ्याच्या दारात अडलं का?

हे माझं स्वतःचं प्रकरण, आणि सध्या सगळ्यांत जास्त वेळा हेच होताना दिसतं.

नोड दुसऱ्यांचं ट्रान्झॅक्शन पुढे नेण्यासाठी फीचा किमान दर मागतो. ही फी त्याला मिळत नाही, तरी तो मागतो. कारण फी न मागता सगळं पुढे नेलं तर कोणीही फुकटात लाखो ट्रान्झॅक्शन ओतून सगळ्या जाळ्याची बँडविड्थ खाऊन टाकेल. पाठवणाऱ्याला झळ बसली पाहिजे, मग पैसे कोणाच्या का खिशात जाईनात. बरीच वर्षं हा दर १ सॅट प्रति व्हीबाइट (ट्रान्झॅक्शनचा आकार मोजायचं एकक) होता. २०२५ मध्ये बिटकॉइन कोरच्या २९.१ आवृत्तीपासून तो ०.१ वर आला.

आता जाळ्यावर दोन्ही तऱ्हेचे नोड आहेत. मी नवी आवृत्ती घातली आणि घाई नव्हती म्हणून ०.३ दराने पाठवलं. १४१ व्हीबाइटचं साधं ट्रान्झॅक्शन, फी ४३ सॅट. माझ्या नोडने आनंदाने घेतलं. पण आठ शेजाऱ्यांपैकी सहा जुन्या आवृत्तीचे होते, आणि त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं की १ च्या खालचं काही सांगूच नका. माझ्या नोडने त्यांना सांगितलंच नाही. समोरच्याच्या वॉलेटमागचा नोड जुना होता, म्हणून त्याला शेवटपर्यंत काही दिसलं नाही. भांडण नाही, चुकीचा संदेश नाही, नुसती शांतता. त्या शांततेनेच माझी संध्याकाळ खाल्ली.

हे तपासायचं गेटपीअरइन्फोमध्ये. प्रत्येक शेजाऱ्यापुढे मिनफीफिल्टर असतो. ०.००००१००० म्हणजे १ सॅट प्रति व्हीबाइट, ०.०००००१०० म्हणजे ०.१. ज्यांचा प्रकार आउटबाउंड फुल रिले आहे तेवढेच बघा. तुमचा दर बहुतेकांच्या आकड्याच्या खाली असेल तर दुखणं सापडलं.

फी वाढवताना एक बारकावा आहे. जुन्या ट्रान्झॅक्शनच्या जागी नवं घ्यायचं तर नोड दोन गोष्टी पाहतो: नव्याची एकूण फी जुन्यापेक्षा जास्त हवी, आणि ती वाढ नव्याच्या स्वतःच्या आकाराला पुरेल एवढी हवी. पहिलं ट्रान्झॅक्शन नेण्याचे कष्ट वाया गेले, निदान दुसऱ्याच्या कष्टांपुरती तरी भर घाला, असा त्यामागचा हिशेब. माझ्या बाबतीत नवा नोड ४३ मध्ये १५ मिळवून ५८ सॅटवर राजी झाला असता. पण ५८ सॅट म्हणजे जेमतेम ०.४ चा दर, आणि जुने सहा शेजारी तसेच दार लावून बसले असते. म्हणून किमान वाढ कधी देऊ नका. बम्पफी ही फी वाढवण्याची आज्ञा वापरून सरळ २ चा दर लावला, २८२ सॅट, आणि काही सेकंदांत ते सगळीकडे दिसू लागलं. कोरच्या २८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, 'हे पुढे बदललं जाऊ शकतं' अशी खूण ट्रान्झॅक्शनला आधी लावलेली नसली तरी नोड बदली घेतात.

तिसरी: दिसत होतं, मग गेलं

मेमपूलची मर्यादा नेहमीच्या सेटिंगला ३०० एमबी असते, आणि ती मेमरीतल्या वापराची आहे. भरलं की सर्वांत कमी दराचं आधी बाहेर जातं, आणि गेटमेमपूलइन्फोमधला मेमपूलमिनफी वर चढतो. गर्दी ओसरली की तो हळूहळू उतरतो, पण बाहेर काढलेलं ट्रान्झॅक्शन आपोआप परत येत नाही. कोणीतरी ते पुन्हा द्यावं लागतं. शिवाय ३३६ तास, म्हणजे चौदा दिवस, उलटले की जुनं ट्रान्झॅक्शन तसंही काढलं जातं.

काकांच्या जुन्या संगणकात मेमरी कमी, म्हणून त्यांनी ही मर्यादा ५० केली होती. त्यामुळे त्यांचं प्रकरण उलटं झालं: बाहेर ट्रान्झॅक्शन दिसत होतं आणि त्यांच्या स्वतःच्याच नोडवरून गेलं होतं. ते घाबरून मला रात्री साडेदहाला फोन करत होते. "मेमपूल" म्हणून एकच मोठी पेटी कुठेतरी आहे असं आपण बोलतो, पण तशी पेटी नाही. प्रत्येक नोडची आपली वेगळी. एकाकडून गेलं म्हणजे सगळ्यांकडून गेलं असं नाही, आणि एकाकडे दिसतं म्हणजे मायनरकडे आहे असंही नाही. तपासताना निदान तीन वेगळ्या ठिकाणी बघा.

पैसे घेणारे तुम्ही असाल तर बम्पफी चालणार नाही. तेव्हा आलेलं नाणं जास्त फीने स्वतःलाच पुढे पाठवायचं, म्हणजे मायनर या नव्या ट्रान्झॅक्शनच्या (लेकराच्या) फीसाठी मूळ ट्रान्झॅक्शनलाही (आईलाही) घेतो. पण आई मेमपूलमधून बाहेर फेकली गेली असेल तर एकट्या लेकराला नोड ओळखतच नाहीत. २८ व्या आवृत्तीपासून एक आई आणि एक लेकरू अशी जोडी एकत्र तपासली जाते, म्हणून हा अडथळा थोडा कमी झाला आहे. वाटेतले नोड जुने असतील तर मात्र भरवसा नको.

दोन लहान कारणं राहिली. अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या, सुट्टे म्हणून स्वतःकडेच परत आलेल्या नाण्यांतून लागोपाठ देणी करत गेलात तर ३० पर्यंतच्या आवृत्त्यांत पंचविसाव्या कडीनंतर साखळी अडते. एक ब्लॉक येऊ द्या. आणि फार बारीक रक्कम नोड पुढे नेत नाहीत: जुन्या १ ने सुरू होणाऱ्या पत्त्याला ५४६ सॅटच्या खाली, नव्या बीसी१क्यू पत्त्याला २९४ च्या खाली. पाठवण्याआधी टेस्टमेमपूलअॅक्सेप्टला हेक्स दिलं तर या दोन्ही गोष्टी तिथेच कळतात.

ट्रान्झॅक्शन "वेगाने पोहोचवून देतो" म्हणणाऱ्या जाहिराती शोधताना दिसतील. काही मायनर थेट ट्रान्झॅक्शन घेतात हे खरं आहे. पण जो कोणी त्यासाठी तुमच्या वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द मागेल तो चोर आहे, दुसरं काही नाही. कळवळून सांगतो, घरातल्या वयस्कर माणसांना हे आधी सांगा.

चौदा दिवस नुसतं थांबलं तर?

काकांनी शेवटी हेच विचारलं, कारण त्यांना ते देणं आता द्यायचंच नव्हतं. चौदा दिवसांनी आपोआप रद्द होईल ना? होत नाही. नोडांच्या आठवणीतून जातं, पण सही अजून खरीच असते. ज्याच्याकडे त्या चिठ्ठीची प्रत आहे, आणि पैसे घेणाऱ्याकडे ती हमखास असते, तो सहा महिन्यांनीही ती पुन्हा जाळ्यावर टाकू शकतो. अबॅन्डनट्रान्झॅक्शन ही आज्ञाही फक्त तुमच्या वॉलेटपुरतं ते सोडून देते, तेही ट्रान्झॅक्शन तुमच्या मेमपूलमध्ये नसेल तरच.

म्हणून त्यांच्या नोडवर आधी अबॅन्डनट्रान्झॅक्शन चालवलं, मग नाणी निवडण्याच्या खिडकीत नेमकं तेच नाणं हाताने निवडलं आणि त्यांच्याच नव्या पत्त्यावर ३ सॅट दराने पाठवलं. बाहेरच्या नोडांकडे पहिलं अजून होतं, त्याचा दर १ होता, त्यामुळे त्यांनी नवं त्याच्या जागी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूरसागरला फेरी मारून काका घरी आले, तोवर त्यावर चार ब्लॉक चढले होते आणि पहिली चिठ्ठी कायमची निरुपयोगी झाली होती.